कार्बोरेटर दुरुस्त करावा की बदलावा? ई-२० च्या काळात जुन्या गाडीचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात जुनी दुचाकी हा हौसेचा विषय नाही. घाटंजी, आर्णी, मारेगाव किंवा झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून तालुक्याच्या गावी जाऊन बियाण्याची पिशवी आणणे, दुधाचे कॅन पोहोचवणे, मुलीला दहावीच्या परीक्षा केंद्रावर सोडणे, रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, ही सारी कामे दहा-पंधरा वर्षांच्या, कित्येकदा त्याहूनही जुन्या गाडीवर होतात. ही गाडी सकाळी किक मारून दाद देईनाशी झाली, चौकात थांबताच बंद पडू लागली किंवा तिच्या अॅव्हरेजने दगा दिला, की घरच्या अर्थव्यवहाराची घडी विस्कटते. गॅरेजमध्ये अशा गाडीबाबत पहिले बोट बहुधा कार्बोरेटरकडे दाखवले जाते आणि लगोलग प्रश्न उभा राहतो: आहे तो उघडून दुरुस्त करायचा, की सरळ नवा बसवायचा?

एके काळी हा प्रश्न मेकॅनिक आणि मालक यांच्यात दोन मिनिटांत सुटत असे. आता तो तितका सरळ राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाले आणि मोजक्या स्वस्त मॉडेलांचा अपवाद वगळता नव्या दुचाकींमधून पारंपरिक कार्बोरेटर हद्दपार झाला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये तेच देशातील सर्वसाधारण पेट्रोल बनले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट करण्यात आले. या तिन्ही निर्णयांमागे आपापली कारणे आहेत आणि त्यातील काही रास्तही आहेत. परंतु तिन्हींचा भार एकाच माणसाच्या खांद्यावर येऊन पडला, आणि तो माणूस म्हणजे कार्बोरेटरची गाडी चालवणारा.

या नव्या परिस्थितीत शहाणपणाचा निर्णय कोणता, याचे उत्तर यंत्रातच दडलेले आहे. कार्बोरेटर थक्क व्हावे इतका साधा आहे. इंजिन हवा ओढते. ती हवा नळीच्या अरुंद भागातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल पितळी जेटच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. वाटीतली पातळी तरंगता फ्लोट आणि त्याच्या हालचालीने उघडझाप करणारी सुई राखते. गाडी उभी असताना लागणारे थोडेसे पेट्रोल वेगळ्या, पायलट जेटच्या वाटेने येते. येथे संगणक नाही की सेन्सर नाही. मोजमाप करतात ती निव्वळ भोके. म्हणूनच हे यंत्र वीज नसलेल्या गावात, झाडाखाली, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक पाना एवढ्या भांडवलावर उघडता येते, आणि म्हणूनच ते इंधनातील बदल स्वतःहून ओळखू शकत नाही.

या यंत्रात दोन प्रकारचे भाग असतात आणि दुरुस्ती की बदल या प्रश्नाचे मर्म या भेदात आहे. सुई, तिची बैठक, जेट, ओ-रिंग, पॅकिंग, डायफ्राम हे भाग मुळातच झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठी असतात. दुसरा प्रकार म्हणजे खुद्द बॉडी: स्लाइड ज्या भोकात वरखाली होते ते भोक, थ्रॉटलचा दांडा ज्या छिद्रांत फिरतो ती छिद्रे, इंजिनला टेकणारा सपाट चेहरा, स्क्रूच्या चुड्या आणि धातूच्या पोटातून जाणाऱ्या केसासारख्या वाटा. पहिला प्रकार खराब झाला तर किट आणून कार्बोरेटर पूर्ववत होतो. दुसरा खराब झाला तर किटवर घातलेला पैसा पाण्यात जातो.

महाराष्ट्राला हे यंत्र परके नाही. किंबहुना देशाला दुचाकीवर बसवण्यात या राज्याचा वाटा मोठा आहे. किनेटिकची लुना १९७२ मध्ये अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर) निघाली. बजाजचा चेतक त्याच वर्षी आला आणि पुढे आकुर्डी व वाळूजच्या कारखान्यांनी त्याला घराघरात पोहोचवले. बजाज एम-८० ने ग्रामीण महाराष्ट्रात दूधवाल्यांची आणि फेरीवाल्यांची पिढी पोसली. १९८५ च्या हीरो होंडा सीडी-१०० आणि १९९४ च्या स्प्लेंडरने चार-स्ट्रोक इंजिनाची चटक लावली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० ही तर मध्यमवर्गाची पहिली मोटार. या साऱ्या गाड्या कार्बोरेटरवर चालल्या. चाकण येथे केहिनचा कारखाना कार्बोरेटर बनवत असे. २०२१ मध्ये जपानमधील मूळ केहिन कंपनी हिताची अॅस्टेमोत विलीन झाली आणि जगभर या उद्योगाचे लक्ष फ्युएल इंजेक्शन व विजेच्या वाहनांकडे वळले. मोटारींमध्ये हा बदल २००० च्या आसपासच सुरू झाला होता; दुचाकींना आणखी वीस वर्षे मिळाली. परिणाम असा, की एमएच-२९ क्रमांकाच्या ज्या दुचाकी २०२० पूर्वीच्या आहेत, त्यातील बहुतांश आजही कार्बोरेटरवर धावत आहेत, आणि त्यांना लागणारा अस्सल सुटा भाग मात्र उत्पादकांच्या दृष्टीने सरत्या काळाचा माल ठरू लागला आहे.

आता इथेनॉलकडे वळू. ही चर्चा समाजमाध्यमांवर इतक्या आवेशाने झाली, की त्यात खरे काय आणि भयकथा कोणती हे कळेनासे झाले. रसायनशास्त्र मात्र आवेशाने बदलत नाही. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते; इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. ई-२० साठी हे प्रमाण साधारण १३.५ वर येते. इंजेक्शनच्या आधुनिक गाडीत धूरनळीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि संगणक इंधन वाढवतो. कार्बोरेटरचे भोक मात्र आहे तेवढेच राहते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्बोरेटरमध्ये ई-२० घातले, की मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘लीन’ चालते. मग थंड इंजिन लवकर पकडत नाही, पिकअप देताना गाडी अडखळते, चढावर तापते. यवतमाळच्या मे महिन्यात, जेव्हा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा वाटीतल्या पेट्रोलची वाफ होऊन गरम इंजिन पुन्हा सुरू न होण्याची जुनी तक्रारही त्यात भर घालते.

यात एक गंमत आहे, जी वादाच्या दोन्ही बाजू सहसा सांगत नाहीत. ज्या जुन्या गाड्या झिजलेल्या जेटमुळे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत होत्या, त्यांचा धूर ई-२० मुळे कमी होतो. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे दुचाकींतील कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने आणि चारचाकींतील तीस टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. म्हणजे पीयूसीच्या यंत्रापुढे काही म्हाताऱ्या गाड्या अचानक गुणी ठरतात. पण त्याच अहवालाने इंधनक्षमतेची किंमतही सांगितली होती: शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के, तर तशाच दुचाकीत तीन ते चार टक्के घट. लिटरमागे साठ किलोमीटर देणाऱ्या गाडीने दोन-अडीच किलोमीटर कमी दिले, तर ते शहरातील नोकरदाराच्या लक्षातही येणार नाही. रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरून भाजी वा कापड विकणाऱ्याच्या मात्र महिन्याअखेरीस ध्यानात येते.

मिश्रण पातळ होण्यापेक्षा गंभीर बाब रबराची आहे. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते, कडक करते, त्याचा चिवटपणा घालवते. नीती आयोगाच्याच अहवालानुसार २००८ पासूनच्या दुचाकी व मोटारींमधील साहित्य दहा टक्के इथेनॉल सोसणारे आहे. त्याआधीच्या गाड्यांना तेवढाही आधार नाही, आणि वीस टक्के सोसणारे साहित्य नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० चा ठाम बचाव करताना हे मान्य केले, की काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व पॅकिंग बदलावे लागू शकतात. हे भाग स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात, असेही त्यात म्हटले होते. शहरातल्या अधिकृत सेवा केंद्राबाबत हे खरे आहे. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलची इथेनॉल सोसणारी ओ-रिंग झरी जामणीच्या दुकानात मागून पाहावी. दुकानदार जे देईल ते काळे आणि गोल असेल, त्यापलीकडची हमी कोणी देणार नाही.

त्यातच इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत व वाटीत ओलावा शिरतो, टाकीचा गंज सुटून खाली येतो, जस्त-अॅल्युमिनियमच्या बॉडीवर आतून पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि पायलट जेटची वाट बुजते. फवारणीच्या पेट्रोल पंपांचेही हेच दुखणे असते. कपाशीचा हंगाम संपला, की पंप पेट्रोलसकट कोपऱ्यात जातो आणि पुढच्या वर्षी ऐन वेळी सुरू होत नाही.

सर्वोच्च न्यायालयात ई-२० बरोबर इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका दाखल झाली होती. मूळचे शेजारच्या अमरावतीचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. या धोरणाचा ऊस उत्पादकांना लाभ होतो, ही केंद्राची प्रमुख बाजू होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी हेही विदर्भाचेच आणि इथेनॉलचे सर्वांत खंदे पुरस्कर्ते. कच्च्या तेलाची आयात घटावी आणि शेतकऱ्याला बाजार मिळावा, या उद्दिष्टाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु यवतमाळ हा कापूस आणि सोयाबीनचा जिल्हा आहे. उसाचा पट्टा पुसद-उमरखेडच्या बाजूला, पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात. उर्वरित तालुक्यांत तो नावापुरता. उलट, मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्तात येत असल्याने सोयापेंडीची मागणी व पर्यायाने सोयाबीनचे भाव दबतात, अशी तक्रार सोयाबीन प्रक्रिया उद्योगाने केली आहे. म्हणजे ज्याच्या नावाने धोरण आखले गेले त्या शेतकऱ्यातच दोन तट आहेत: एकाला इथेनॉलचे पैसे मिळतात, दुसऱ्याच्या गाडीची ओ-रिंग फुगते.

धोरण बदलण्याची चिन्हे नाहीत आणि पंपावर निवडीची सोय नाही. तेव्हा गॅरेजच्या ओट्यावर काय करायचे, हाच प्रश्न उरतो.

पहिली गोष्ट, कार्बोरेटर दोषी आहे हे गृहीत धरू नये. हे यंत्र बाहेरून दिसते, हाताला लागते आणि त्याच्या नावावर बिल सहज फाडता येते. म्हणून त्याच्यावर आळ लवकर येतो. वणी परिसरात कोळशाच्या वाहतुकीने उडणारी काळी धूळ, किंवा पांढरकवड्याच्या आतील कच्च्या रस्त्यांवरचा फुफाटा यांनी एअर फिल्टर तुंबला असेल तर गाडी काळा धूर टाकते आणि अॅव्हरेज कोसळते. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी वा फायबरच्या तुकड्याला तडा गेला असेल तर तेथून हवा शिरते आणि स्लो बसत नाही. व्हॉल्व्हची फट बिघडली, प्लग संपला, कॉम्प्रेशन गेले, तरी लक्षणे तीच. प्लग काढून त्याचा रंग पाहणे हे अर्ध्या मिनिटाचे काम: फिका तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. टाकीत गंज असेल तर नवा कार्बोरेटरही महिनाभरात पुन्हा तुंबणार. टाकी धुतल्याशिवाय आणि पेट्रोलच्या नळीत नवी जाळी वा फिल्टर बसवल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दोष कार्बोरेटरचाच ठरला, तर तो उघडून बॉडी तपासावी. थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून हलवला आणि तो जाणवण्याइतका खडखडला, तर त्या फटीतून हवा शिरते आणि कितीही जुळवणी केली तरी स्लो टिकत नाही. स्लाइडच्या प्रकारात स्लाइड भोकात सैल झाली आहे का आणि तिच्या एका बाजूला घासून चकाकी आली आहे का, हे पाहावे. नट अवाजवी आवळल्याने इंजिनला टेकणारा चेहरा वाकतो. तो काचेच्या तुकड्यावर टेकवून पाहिला की फट दिसते. हा दोष बारीक पॉलिश पेपरवर घासून निघू शकतो, त्यासाठी कार्बोरेटर टाकण्याची गरज नसते. चुड्या गेल्या असतील तर चांगला लेथवाला त्या बसवून देतो. मात्र आतल्या वाटा गंजून खाल्ल्या गेल्या असतील, फ्लोटच्या वाटीला चीर असेल किंवा दांड्याची छिद्रे अंडाकृती झाली असतील, तर ती बॉडी संपली असे समजावे. छिद्रांत पितळी बुश घालून देणारे कुशल कारागीर मोठ्या शहरांत सापडतात, पण साध्या दुचाकीसाठी तो खटाटोप परवडत नाही. दुर्मीळ गाडीसाठीच तो करावा.

बॉडी शाबूत असेल, तर दुरुस्तीच रास्त. मात्र दुरुस्ती या शब्दाचा अर्थ आपल्याकडे फार सवंग झाला आहे. वाटी उघडून पेट्रोलने धुणे, जेटमध्ये तार वा पिन खुपसणे आणि पुन्हा बांधणे, याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. पितळ मऊ असते. तारेने एकदा ओरखडा पडला, की भोकाचे माप बदलते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट क्लीनर आणि हवेच्या दाबाने स्वच्छ करावेत, नाही झाले तर त्याच आकड्याचे नवे घालावेत. तो आकडा जेटच्या अंगावर कोरलेला असतो. क्लीनरच्या फवाऱ्यात रबरी भाग बुडवू नयेत, कारण इथेनॉल महिन्यात करते ते क्लीनर तासात करतो. सुई आणि बैठक जोडीनेच बदलावी. ओ-रिंग, वाटीचे पॅकिंग, डायफ्राम, तसेच टाकीपासून येणारी नळी आणि पेट्रोल कॉकचे वॉशर हे सारे ई-२० सोसणाऱ्या साहित्याचे मागून घ्यावेत. ज्या कार्बोरेटरच्या सुईवर क्लिपसाठी खाचा आहेत, तेथे क्लिप एक खाच खाली सरकवली, की सुई उचलली जाते आणि पातळ झालेले मिश्रण मधल्या वेगाला बऱ्यापैकी सावरते. ही जुळवणी शक्यतो पीयूसीच्या यंत्रावर आकडा पाहून व्हावी. २००० नंतरच्या चार-स्ट्रोक दुचाकीला साडेतीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. तिच्या पुष्कळ खाली राहूनही गाडी नीट चालते.

फ्लोटची सुई गळू लागली, की तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. ओसंडलेले पेट्रोल कधी गरम इंजिनवर पडते, तर कधी सिलिंडरमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. किरकोळ किमतीच्या सुईसाठी केलेली टाळाटाळ मग इंजिनच्या कामापर्यंत जाते.

आता ‘नवा’ या शब्दाकडे. बॉडी संपली असेल तर नवा कार्बोरेटर घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो अस्सल मिळत असेल तर प्रश्नच मिटला. पण बाजारात नवा म्हणून जे मिळते, त्यात तीन जाती असतात: मूळ उत्पादकाचा किंवा त्याच्या पुरवठादाराचा माल, दिसायला हुबेहूब पण आतून वेगळ्याच मापांचा डुप्लिकेट, आणि भंगारातून काढून चकाकवलेला जुना. किमतीतील फरक इतका असतो, की दुसऱ्या वा तिसऱ्या जातीचा मोह पडतो. डुप्लिकेट कार्बोरेटरची बॉडी नवी असते, हे खरे. परंतु जेटची भोके, फ्लोटची पातळी, सुईचा निमुळतेपणा यांत किंचित फरक असला, तरी तो लिटरमागच्या अॅव्हरेजमध्ये उमटतो. वर्षभरात त्या फरकाचे पेट्रोल मोजले, तर स्वस्त कार्बोरेटर महागात जातो. म्हणून शाबूत बॉडीचा जुना अस्सल कार्बोरेटर चांगल्या किटसह, हा सामान्य डुप्लिकेट नव्यापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो. आणि नवा घ्यावाच लागला, तरी जुना दुकानात देऊन टाकू नये. त्याचे अस्सल जेट आणि सुई नव्या बॉडीत बसतात का, हे आधी पाहावे; बऱ्याचदा तेवढ्यानेच गाडी सुधारते. मोठ्या गाडीचा मोठा कार्बोरेटर बसवून ‘पॉवर’ वाढवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावले आहे.

कार्बोरेटरच्या मारुती ८०० किंवा ओम्नीचे गणित थोडे निराळे. तेथे कार्बोरेटरबरोबर पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि व्हॅक्यूमच्या कितीतरी रबरी नळ्याही जुन्या झालेल्या असतात. एकट्या कार्बोरेटरवर खर्च करून काही साधत नाही. शिवाय हा खर्च नोंदणीच्या खर्चाबरोबर जोडून पाहावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क दुचाकीला ३०० वरून १ हजार आणि मोटारीला ६०० वरून ५ हजार रुपये झाले. २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षे ओलांडलेल्या दुचाकीला २ हजार आणि मोटारीला १० हजार रुपये मोजावे लागतात. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबर प्लेट. वीस वर्षांची मोटार, ज्या मालकाला नूतनीकरण करायचेच नाही, त्याने अस्सल कार्बोरेटर शोधत नागपूरचे सुटे भागांचे बाजार पालथे घालण्यात अर्थ नाही; दुचाकीचे तसे नाही. तिची पाच वर्षांची मुदत वाढवून मिळत असेल, तर चांगल्या दुरुस्तीचा खर्च त्या पाच वर्षांत सहज फिटतो.

प्रदूषणाच्या दृष्टीने जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हा युक्तिवाद तत्त्वतः बिनतोड आहे. नवी इंजेक्शनची गाडी स्वच्छ असते, पेट्रोल जपून वापरते, हेही निर्विवाद. परंतु नव्या दुचाकीचा हप्ता आणि जुन्या दुचाकीची दुरुस्ती यांची तुलना कापसाच्या भावावर जगणाऱ्या घरात वेगळ्या तराजूत होते. त्या घराला आज दिलासा देता येण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. लोकप्रिय जुन्या मॉडेलांसाठी ई-२० सोसणाऱ्या रबरी भागांचे किट दुचाकी कंपन्यांनी तालुक्याच्या विक्रेत्यांपर्यंत पोहोचवावेत, त्यांच्या पुडीवर तसा ठळक उल्लेख असावा, आणि पेट्रोल पंपावर मिश्रणाचे प्रमाण ग्राहकाला दिसेल असे लिहिलेले असावे, एवढी ही यादी आहे. मंत्रालयाने रबरी भाग स्वस्त असल्याचे सांगितले आहे. ते भाग कोठे मिळतील, हे सांगणेही ओघानेच आले.

दुसरी उणीव हातांची आहे. नव्या पिढीचा मेकॅनिक स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचण्यात तरबेज होतो आहे आणि ते योग्यच आहे. पण कानाने स्लो ओळखणारे, प्लग पाहून मिश्रण सांगणारे कारागीर वयस्कर होत चालले आहेत. आयटीआयच्या अभ्यासक्रमाने कार्बोरेटरचा धडा इतक्यात मिटवून टाकता कामा नये. मार्च २०२० अखेरपर्यंत विकली गेलेली कार्बोरेटरची दुचाकी पंधरा वर्षांची होईल ती २०३५ मध्ये, आणि मालकाने एकदा नूतनीकरण केले तर ती २०४० पर्यंत कायदेशीरपणे रस्त्यावर राहील. दरम्यान टाकीत दीर्घकाळ पेट्रोल साठवून न ठेवणे, गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल काढून टाकणे, आणि मृग लागण्यापूर्वी एकदा नळी व पॅकिंग तपासून घेणे, एवढे मालकाच्या हाती आहे.